काळा कुडा, पांढरा कुडा

मेढ्याच्या स्टँडवर मला पोचवायला एकटी आई आली होती. वडील घरून निघालेच नाहीत. निघताना मी पाया पडले तेव्हा एवढंच म्हणाले, "इथं बांधावरचं झाड न् झाड तुला ओळखतं. त्या धारला तुला कोण ओळखणार?"

 इथं मला सगळे ओळखत होते हीच तर माझी अडचण होती. पाणवठ्यावर, गिरणीत, देवळात, कुठंही गेलं तरी मी 'नवऱ्यानं टाकलेली वत्सला' होते. त्यानं मुंबईत दुसरं घर मांडलं आणि नाव पडलं ते मला. चार वर्षं माहेरी भाकऱ्या थापल्या. सव्विसाव्या वर्षी मध्य प्रदेशातल्या धारच्या ताईमावशीचं पत्र आलं की इथल्या कॉलेजात प्रयोगशाळेत एक बाई हवी आहे, काम कच्चं आहे पण लिहिता-वाचता येणारी पाहिजे, आणि मी दोन पातळं पिशवीत घालून निघाले. आणीबाणीच्या आदल्या वर्षीचा फाल्गुन होता. आई एसटीच्या खिडकीला धरून परत परत तेच सांगत होती, "परमुलूख आहे. मान खाली घालून राहा." मी हो म्हटलं. आईला दिलेला तो शब्द मी पाळला नाही, आणि त्याची मला खंत नाही.

शालन, तू पत्रात अजून विचारतेस की ताई, तुला तिकडं इतकं काय गवसलं. तू मागं राहिलीस, मी निघाले. माझ्यासारख्या निघालेल्या इथं पुष्कळ आहेत, त्याही एकमेकींना हेच विचारतात. म्हणून सगळं एकदा सरळ लिहून काढते.

खांडव्याला मोठी गाडी सोडून लहान रुळांची गाडी धरली. ती घाट चढताना इतकी हळू चालते की बाहेरचं झाड चांगलं निरखता येतं. पण निरखून उपयोग नव्हता. सगळी पानगळ झालेली. पळस फुलला होता म्हणून तो ओळखला. बाकी नुसती खोडं. एक झाड तर चुना फासल्यासारखं पांढरं फट्ट, कातळात एकटं उभं. शेजारच्या बाईला विचारलं तर ती म्हणाली, "कुल्लू है." मी ते नाव मनात घोकत महूपर्यंत आले आणि तिथून बसनं धारला. नव्या मुलखातला मी शिकलेला तो पहिला शब्द.

ताईमावशी म्हणजे आईची मावसबहीण. तिच्या सासरचे लोक पिढ्यान्पिढ्या धार दरबारात कारकुनीवर होते. दरबार गेला, भाषा राहिली. मावशी नवऱ्याला 'स्वारी' म्हणायची, 'स्वारी बाहेर गेली आहे', आणि तेच तोंड दूधवाल्याकडे वळवून 'हौ भिया, कल दो सेर' म्हणायची. माझ्या जावळीच्या बोलीला ती हसायची. मी तिच्या स्वारीला हसायचे, पण मनात.

कॉलेजात माझं काम वनस्पतीशास्त्राच्या खोलीत. टेबलं पुसायची, काचपट्ट्या धुवायच्या, परीक्षेच्या दिवशी फांद्या आणून ठेवायच्या. आणि मुख्य म्हणजे झाडांचे नमुने वाळवायचे. फांदी रद्दी कागदात घालायची, लाकडी चौकटीत आवळायची, कागद दमट झाले की रोज बदलायचे. पंधरा दिवसांत फांदी चपटी होऊन पुठ्ठ्यावर चिकटवण्याजोगी होते. खाली चिठ्ठी लावतात, तिच्यावर इंग्रजी अक्षरांत लॅटिन नाव. मी सातवी पास, ए-बी-सी जेमतेम येत होती. त्या चिठ्ठ्यांवरच मी वाचायला शिकले. पुठ्ठे कपाटात लावताना एकेक अक्षर जुळवायची.

झाडं मात्र मला चुलीनं शिकवली. मावशीकडे लाकडाची चूल होती आणि आठवड्यातून दोनदा भुरीबाई नावाची भिलीण डोक्यावर मोळी घेऊन यायची. उंच, चाळिशीची, हातात चांदीची जाड कडी. एकदा मी तिला म्हटलं, पानं नसताना तू लाकूड ओळखतेस कसं? ती माझ्याकडे बघत राहिली, जणू मी विचारलं की तू आपलं पोर ओळखतेस कसं.

"पानड़ा तो झड़ी जाय, बाई," ती म्हणाली. "छाल कां जायगी?"

पान गळून जातं, साल कुठं जाणार. मग ती मोळी सोडून एकेक दांडकं माझ्या हातात द्यायला लागली. ही साजड, म्हणजे आपला ऐन, सुसरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची. हा धावडा, राखाडी, अंगावरून खपल्या निघाल्यावर खड्डे पडलेला. टेंभुर्णीचं लाकूड काळं, चुलीत घातलं की ठिणग्या उडवतं. सलई पेटली की घरभर उदासारखा वास. मावशी आतून ओरडायची, "मोळीवालीशी काय गप्पा छाटतेस गं?" मी ऐकलं न ऐकलं करायची. दोन पावसाळे उलटले तोवर डोळे मिटून नुसत्या बोटांनी मला दहा-बारा झाडं कळायला लागली होती.

आता कुड्याचं. आपल्याकडे पोरांना आव पडली की आई कुड्याच्या मुळाची साल ताकात उगाळून पाजायची. विषासारखी कडू. चैत्र-वैशाखात पांढऱ्या फुलांची भाजी व्हायची. म्हणून कॉलेजच्या कपाटात 'कुटज' हे आपल्या पांढऱ्या कुड्याचं नाव हिंदीत लिहिलेला पुठ्ठा दिसला तेव्हा मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. पुठ्ठा बाहेर काढला आणि बघते तर पानं काळीनिळी पडलेली, शाई सांडल्यासारखी. आपल्या कुड्याचं पान वाळून तपकिरी होतं, काळं होत नाही. काळं होतं ते दुसरंच झाड. गावात त्याला काळा कुडा म्हणतात आणि औषधाला कुणी घेत नाही.

विभागाच्या प्रमुखांना सगळे बडे सर म्हणत. मी त्यांना सांगितलं. ते वर न बघता म्हणाले, "आप काग़ज़ बदलो, बाई. नाम हम देख लेंगे."

वाईट वाटलं, पण त्याहून जास्त खुमखुमी आली. चूक माझी असेल तर मला कळली पाहिजे होती. भुरीबाईला विचारलं. ती म्हणाली, दोन असतात. "एक कड़वो, एक मीठो. कड़वो पेट का काम को, मीठो खिलोणा का." कडू पोटासाठी, गोडा खेळणी कोरायला. पुस्तक न वाचता तिनं जे सांगितलं ते पुढं मी पुस्तकात वाचलं.

रविवारी मी तिच्याबरोबर मांडूच्या रस्त्याकडच्या डोंगरात जायला लागले. तिसरी एक आमच्यात आली, सुमित्रा. मनावरजवळच्या खेड्यातली, भिलाला जमातीतली मुलगी, वसतिगृहात राहून बी.एस्सी. करत होती. तिच्या गावातून इतकं शिकलेलं तिच्याआधी कुणी नव्हतं. झाडं तिला पाठ होती, पण तिच्या बोलीतल्या नावानं. लॅटिन नाव आलं की घाबरायची. मला चिठ्ठ्यांवरची लॅटिन नावं पाठ होती आणि झाडं थोडी कच्ची. एकीचं उणं दुसरीनं भरून काढलं.

वर्षभर आम्ही त्या दोन झाडांच्या मागं होतो. दोघांच्याही पानांची जोडी समोरासमोर, दोघांनाही चीक, दोघांचीही फुलं पांढरी. लांबून सारखीच. पण काळ्या कुड्याच्या फुलात मध्यभागी बारीक झालर असते, पांढऱ्याचं फूल साधं. पांढऱ्याच्या शेंगा दोन-दोन, सुट्या लोंबतात, अंगावर पांढरे ठिपके. काळ्याच्या दोन शेंगा टोकाला एकमेकींना चिकटलेल्या असतात. शेंग उकलली की बीला कापसाची शेंडी. पांढऱ्याची शेंडी शेंगेच्या टोकाकडे, काळ्याची देठाकडे. ही शेवटची खूण सुमित्राला सापडली. त्या दिवशी ती डोंगरात मोठ्यानं हसली होती, मी तिला तसं हसताना तोवर ऐकलं नव्हतं.

तिच्या शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा आली. आदल्या दिवशी बडे सर मला म्हणाले, किल्ल्यामागच्या तळ्यावर कुटजाचं झाड आहे, त्याची शेंगांसकट फांदी आणा. मी म्हटलं, सर, ते कुटज नाही. ते म्हणाले, "बाई, बहस मत करो." मी फांदी आणली. टेबलावर ठेवली, नंबराची चिठ्ठी लावली. तेवढ्यापुरती मी मान खाली घातली होती.

परीक्षक बाहेरगावचे होते, वयस्क, जाड भिंगांचा चष्मा. मुली एकेक करून टेबलांवरच्या नमुन्यांची नावं लिहीत गेल्या. मग तोंडी परीक्षा. मी कोपऱ्यातल्या नळावर नळ्या धूत होते. सुमित्राची वही बड्या सरांनी उघडली आणि हसले.

"राइटिया? सबने कुटज लिखा है, और मैडम ने राइटिया. किसने पढ़ाया?"

राइटिया हे काळ्या कुड्याचं लॅटिन नाव. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. "किसी ने नहीं, सर. मैंने खुद देखा है."

"जंगल में देखा होगा. यहाँ किताब चलती है." आणि त्यांनी त्या उत्तरापुढं शून्य मांडलं.

सुमित्राची तोंडी परीक्षा तिथंच अडली. पुढच्या प्रश्नाला तिच्या तोंडून शब्द फुटेना. येत असलेलं तिला आठवेना. प्रात्यक्षिकात नापास म्हणजे वर्ष गेलं, आणि तिच्या बापानं पुन्हा वर्षभर पाठवलं नसतं हे मला ठाऊक होतं. तिला ते झाड मी शिकवलं होतं. माझ्या शब्दावर तिनं सरांचा शब्द मोडला होता, आणि माझं नाव न घेता ती उभी होती.

मी हात पुसले आणि टेबलाशी गेले. गडबडीत मराठीतच बोलले, "साहेब, तिचं बरोबर आहे. फांदी मी तोडलीय."

बडे सर म्हणाले, "आप अपना काम करो."

परीक्षकांनी हात वर केला. "बोलने दीजिए. बाई, हिंदी में बोलिए. धीरे-धीरे."

माझं हिंदी तेव्हा मोडकंतोडकं होतं. मी बोलणं कमी केलं आणि दाखवलं जास्त. शेंगांची जोडी उचलून टोकाला चिकटलेली जागा दाखवली. एक वाळकी शेंग नखानं उकलली, बी तशीच आत ठेवून, शेंडी देठाकडे आहे हे दाखवलं. मग कपाटातून तो पुठ्ठा आणला आणि काळी पडलेली पानं त्यांच्यासमोर धरली. "असली कुटज का पत्ता काला नहीं पड़ता, साहेब. हमारे गाँव में दवा है. ये दवा नहीं है."

त्यांनी खिशातून भिंग काढलं. खूप वेळ शेंग बघत राहिले. मग एक जाड पुस्तक मागवलं, पान काढून वाचलं, पुन्हा शेंग बघितली.  शेवटी त्यांनी सुमित्राची वही ओढली, शून्यावर रेघ मारली आणि बाजूला सही केली. बाकीच्या मुलींचे गुण कापायचे नाहीत, असंही सांगितलं. बड्या सरांना म्हणाले, "लेबल बदलवा लीजिए." मग माझ्याकडे वळले, "आप कहाँ तक पढ़ी हैं?"

"सातवीं. मराठी में."

ते सुमित्राला म्हणाले, बेटी, पानी पी लो, फिर आगे पूछते हैं. पाणी मीच आणून दिलं. नंतरच्या प्रश्नांना तिनं नीट उत्तरं दिली. ती पास झाली. पुढं मनावरला शाळेत शिकवायला लागली.

पंधरा दिवसांनी माझ्या हातात कागद आला. परीक्षेच्या कामात ढवळाढवळ केली, लेखी माफी द्यावी, नाहीतर सत्र संपताच काम संपलं. मावशी म्हणाली, "लिहून दे गं. कागदच तर आहे. स्वारींना बाजारात लोक विचारताहेत." मी म्हटलं, चूक झाली असती तर माफी तोंडानंही मागितली असती.

रात्रभर बसून काही लिहिलं वगैरे नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, खोलीतल्याच टेबलावर, माझ्या अशुद्ध हिंदीत लिहिलं. माफीच्या जागी दोन्ही झाडांच्या खुणा लिहिल्या: फूल, शेंग, बी, वाळलेलं पान. खाली सही केली आणि तो कागद बड्या सरांच्या टेबलावर ठेवला. सत्र संपलं तसं कामही संपलं. सुमित्राच्या वसतिगृहातल्या मुलींनी मला चहा पाजला. भुरीबाईला सांगितलं तर ती म्हणाली, "तो चल, लकड़ी बेच." आणि मी एक हंगाम खरंच तिच्याबरोबर मोळ्या बांधल्या. मावशीचं घर सोडून गल्लीत एक खोली घेतली होती. शालन, हे मी तुम्हांला तेव्हा कळवलं नाही. लाज वाटली म्हणून नव्हे. तुम्ही कुणीतरी न्यायला आला असतात.

त्याच खोलीत बसून मी बोर्डाची परीक्षा बाहेरून दिली, हिंदी माध्यमातून. पहिल्या खेपेला नापास, दुसऱ्या खेपेला पास. मग देवासच्या मुलींच्या सरकारी शाळेत परिचारक, म्हणजे शाळेतली मदतनीस, म्हणून जागा निघाली आणि मी पुन्हा पिशवी भरली. या वेळी मला पोचवायला भुरीबाई स्टँडवर आली होती. तिनं काही उपदेश केला नाही. दातवणाला बाभळीच्या काड्या दिल्या आणि गेली.

ऐंशीच्या सुमाराचं देवास म्हणजे कारखान्यांचं गाव. पुणं, नाशिक, कोल्हापूर, सगळीकडून मराठी माणसं नोकरीला आलेली. एक आख्खी वसाहत सकाळच्या भोंग्याला उठायची. त्यांच्या बायका मला विचारायच्या, इथं आपट्याचं झाड आहे का हो? मी टेकडीच्या मागं नेऊन दाखवायची आणि सांगायची की बाजारात आपटा म्हणून विकतात तो पुष्कळदा कांचन असतो, पान मोठं दिसलं की घेऊ नका. पाटणकरवहिनी एकदा म्हणाल्या, "तुम्ही इथल्याच वाटता हो." त्यांना त्यात उणं वाटत होतं. मला नाही वाटलं.

शाळेच्या आवारात एका पावसाळ्यात निलगिरीची रोपं आली. मुख्याध्यापिका बहनजी म्हणाल्या, कुंपणाजवळची झाडी काढून सरळ रांगेत लावा. त्या झाडीत दोन पांढरे कुडे, एक अंजन आणि बेहड्याची चार पोरं होती. मी म्हटलं, निलगिरी लावते, पण झाडी काढणार नाही, जागा पुष्कळ आहे. त्या चिडल्या. मी पत्र्याचे तुकडे कापले आणि प्रत्येक झाडावर नाव रंगवून टांगलं, मराठी, मालवी, हिंदी आणि लॅटिन. नाव लावलेलं झाड तोडायला माळ्याचा हात उठेना. बहनजींनी आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं. मग एकदा इन्स्पेक्टरबाई आल्या, त्यांनी पाट्यांचं कौतुक केलं, आणि बहनजींनी ते आपल्या नावावर घेतलं. घेऊ दिलं. झाडं राहिली.

वसाहतीतली एक मुलगी, घरी मराठी, शाळेत हिंदी, पाटीसमोर उभी राहून मला म्हणाली, "आंटी, इस पेड़ का नाम कूड़ा क्यों है?" मैत्रिणी हसायला लागल्या. कचऱ्याचं झाड! मी तिला जवळ बोलावलं. म्हटलं, कूड़ा नाही, कुडा. म्हण. ती म्हणाली. पुन्हा म्हण. मग सालीचा एवढासा तुकडा तिच्या जिभेवर ठेवला. तिचं तोंड असं वाकडं झालं की विचारू नको. पण त्यानंतर ते नाव त्या वर्गात कुणी चुकलं नाही. मराठी वाचायला तिला जड जायचं, तिच्या आईला त्याची काळजी होती. मी म्हटलं, रविवारी टेकडीवर पाठवा. पाचजणी यायच्या, मग बारा. पाट्या वाचत वाचत त्या मराठी वाचायला शिकल्या, जशी मी लॅटिन शिकले होते.

आई गेली त्या वर्षी दादा मला न्यायला देवासला आला. त्यानं एक खोली माझ्यासाठी काढून ठेवली होती, चुना मारून. मनाचा चांगला आहे दादा. म्हणाला, "आता चल. लोक सगळं विसरले."

"मी नाही विसरले," मी म्हटलं.

त्यानं पुन्हा विषय काढला नाही. दोन दिवस राहिला, टेकडीवर माझ्याबरोबर चढला, दम लागला तसा बसला आणि म्हणाला, वडील असते तर तुला सांगितलं असतं की चुकीचं बोललो. वडील तसं म्हणाले नसते हे आम्हां दोघांना माहीत होतं. पण दादानं म्हटलं ते मला बरं वाटलं.

तो गेल्यावर थोड्याच दिवसांनी माझी नोकरी पक्की झाली आणि सेवापुस्तिका भरायला कचेरीत बोलावलं. तिथले बाबूजी जुन्या देवासी मराठी घराण्यातले, बोलणं अगदी ताईमावशीसारखं. एकेक रकाना विचारत सावकाश लिहीत होते. नाव, जन्म, शिक्षण. पतीचं नाव विचारलं. मी म्हटलं, रकाना मोकळा ठेवा. ठेवला.

"गृह-नगर?"

"देवास."

त्यांनी टाक उचलून धरला. "अहो बाई, मूळ गाव विचारतो आहे. सध्या राहता ते नव्हे."

"तेच सांगतेय."

"पहा हं. एकदा लिहिलं की खोडता येत नाही. सातारा लिहिलंत तर गावी जायला सरकार भाडं देतं. देवासहून देवासला जायचं भाडं कोण देणार?"

"जाईन तेव्हा माझ्या तिकिटानं जाईन. पाहुणी म्हणून जाईन, दोन दिवस राहीन आणि परत येईन. तुम्ही लिहा."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. मग त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि वळणदार अक्षरात लिहिलं. मी ती वही माझ्याकडे फिरवून घेतली, ते नाव एकदा स्वतः वाचलं, आणि शाई वाळेपर्यंत तिथंच उभी राहिले.